व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा आवाज ‘गफ’ कसा करावा?

रेडिओचा व्हॉल्व्ह हा शब्द आता पन्नाशी गाठलेल्या माणसालाच कळतो. आमच्या लहानपणी घरातील रेडिओत काचेचे ते दिवे लालसर पेटत, ते तापेपर्यंत थांबावे लागे आणि मगच आवाज निघे. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि हा सारा माल भंगारात गेला. परंतु एका ठिकाणी व्हॉल्व्हचे राज्य आजही टिकून आहे, ते म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा अँप्लिफायर. ‘हार्ड रॉक’ नावाचे जे पाश्चात्त्य धाटणीचे जोरकस वादन आहे, ते वाजविणारी मुले व्हॉल्व्हच्या पेटीसाठी आजही मोठी रक्कम मोजतात. अशी मुले केवळ मुंबई-पुण्यातच आहेत असे नाही. नागपूर, अमरावती, यवतमाळ येथील कॉलेजांतही ती आहेत आणि त्यांची पेटी बिघडली की ती दुरुस्तीवाला शोधत फिरतात.

या पानावर हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या समाजात रेडिओ दुरुस्तीवाले, साउंड सर्व्हिसवाले, बिछायत केंद्रवाले, धुमाल आणि बँड पार्टीवाले पुष्कळ आहेत. वाद्यांविषयी विद्वानांत जे मतभेद आहेत ते येथे काढण्याचे कारण नाही. ज्यांच्या हाती हे काम येते त्यांनी ते समजून आणि सचोटीने करावे, एवढ्यापुरताच आमचा हेतू आहे. आम्ही स्वतः कापडाचे व्यापारी. परंतु आमच्या दुकानाला लागून रेडिओ दुरुस्तीचे दुकान बरीच वर्षे होते आणि गिऱ्हाईक नसले की आमची बैठक तेथेच असे. तेथील उस्ताद हात चालवीत बोलत आणि आम्ही ऐकत असू. त्यांच्याकडून जे समजले आणि पुढे वाचनातून जे पक्के झाले, ते येथे देत आहोत.

अशा गिऱ्हाइकाची तक्रार बहुधा एकच असते. आवाज मोठा आहे, पण ढिला पडतो, जाड तार वाजविली की नुसता घूंऽ होतो, ठोका कळत नाही. यावर काही दुरुस्तीवाले लगेच सगळे व्हॉल्व्ह बदलावयास सांगतात. हजारो रुपये जातात आणि आवाज होता तसाच राहतो. कारण दोष पुष्कळदा व्हॉल्व्हमध्ये नसतो, नॉब कुठे ठेवले आहेत त्यात असतो, किंवा गावच्या विजेत असतो.

कापडाच्या धंद्यात घट्ट विणीच्या कापडाला ‘गफ’ म्हणतात. ते उजेडासमोर धरले तर आरपार दिसत नाही, बोटाने ओढले तर सूत सरकत नाही. झिरझिरीत कापडही खळ देऊन जाड दाखविता येते, परंतु पहिल्या धुण्यात त्याचे खरे रूप उघडे पडते. गिटारच्या आवाजाचे तसेच आहे. गेन आणि बास वाढविले की एकट्या खोलीत आवाज भरदार वाटतो. हा खळीचा जाडपणा होय. सोबत ड्रम आणि बास गिटार सुरू झाले की तो धुऊन निघतो आणि गिटार वाजते आहे की नाही तेच कळेनासे होते.

असे का होते, ते समजण्यासाठी पेटीच्या आत पाहावे लागेल. गिटारमधून येणारी वीज अगदी क्षीण असते. ती आधी लहान व्हॉल्व्हमध्ये वाढविली जाते. हा बहुधा ईसीसी ८३ असतो, अमेरिकेत त्यालाच १२ एएक्स ७ म्हणतात. एका काचेत दोन व्हॉल्व्हचे काम तो करतो. त्याच्या पुढे ईएल ३४ किंवा ६ एल ६ यांसारखे मोठे व्हॉल्व्ह, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी स्पीकर. प्रत्येक व्हॉल्व्हची वाढविण्याची एक हद्द असते. त्या हद्दीपलीकडे लाट गेली की तिचा माथा छाटला जातो. यालाच आपले साउंडवाले ‘आवाज फाटणे’ म्हणतात. भाषणासाठी हा दोष आहे, हार्ड रॉकसाठी हाच माल आहे. वाजविणाऱ्याला आवाज फाटलेला हवा असतो, पण हिशेबात फाटलेला.

आता गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. खालच्या सुरांच्या लाटा आकाराने मोठ्या असतात. त्या व्हॉल्व्हमध्ये शिरल्या की सारी जागा अडवितात, त्यांच्यावर स्वार झालेले वरचे बारीक सूरही त्यांच्यासोबत छाटले जातात आणि सगळ्याची खिचडी होते. यावरून मुख्य गोष्ट ध्यानात येईल. बास कमी करावयाचा तो व्हॉल्व्हमध्ये आवाज फाटण्यापूर्वी. फाटून झाल्यावर मागून बास वाढविला तर तो भरदार लागतो, आधी वाढविला तर चिखल होतो. काय कमी करावे हे पुष्कळांना ठाऊक असते. कुठे कमी करावे, येथे कारागिराची परीक्षा आहे.

नॉबवर ० ते १० आकडे असतात. आमच्या उस्तादांची रीत अशी होती की सर्व नॉब आधी मधोमध ५ वर आणावेत आणि मग एकेकाला हात लावावा. प्रथम गेन खाली आणावा. मुले तो ८-९ वर ठेवतात, तो ४ ते ५ वर पुरेसा होतो. गेन कमी केला की प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येऊ लागतो, आणि सोबतची सूंसूंही कमी होते. बास ३ च्या आसपास, मिडल ६, ट्रेबल ५ ते ६. मिडलबद्दल मुलांची मोठी गैरसमजूत आहे. ती मिडल शून्यावर नेतात, कारण घरी एकट्याने वाजविताना तसे गोड लागते. परंतु जलशात खालची जागा ड्रम आणि बास गिटारने घेतलेली असते, वरची जागा झांजांनी. गिटारसाठी मधलीच जागा उरते, आणि तीच काढून टाकली तर राहिले काय? ज्यांनी कव्वालीचा बेंजो माईकवर बसविला आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

प्रेझेन्स नावाचा नॉब मोठ्या व्हॉल्व्हच्या भागाशी जोडलेला असतो. तो वाढविला की तारेची खणक वाढते. काही पेट्यांत रेझोनन्स किंवा डेप्थ नावाचा नॉब असतो, तो खालच्या सुरांसाठी हेच काम करतो. आवाज ढिला असेल तर हा दुसरा नॉब अगदी खाली ठेवावा. मास्टर व्हॉल्यूम मात्र जागा आणि शेजारी सोसतील तेवढा वर न्यावा, कारण गेन कमी आणि मास्टर जास्त, यातच ठोक्याचे बळ आहे.

येथे एक भेद सांगणे जरूर आहे. सर्व पेट्यांत बास-मिडल-ट्रेबलचे नॉब एकाच ठिकाणी नसतात. मार्शल कंपनीच्या पेट्यांत ते लहान व्हॉल्व्हच्या टप्प्यांनंतर येतात. म्हणजे बास कमी केला तरी आवाज आधीच फाटून झालेला असतो. मेसा बूगीच्या मार्क मालिकेत ते फाटण्याच्या टप्प्याआधी येतात, म्हणून तेथे बास १ किंवा २ वर ठेवून पुढच्या पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरवर तो पुन्हा भरून घेतात. गिऱ्हाईक कोणती पेटी घेऊन आला आहे, ते पाहूनच सल्ला द्यावा.

या दोन्ही कंपन्यांची हकीकत धंदेवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. जिम मार्शल हा ड्रम वाजविणारा आणि शिकविणारा माणूस. १९६० साली त्याने पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान काढले. गिटारवाली मुले त्याच्याकडे येऊन तक्रार करीत की अमेरिकेची फेंडर पेटी महाग पडते आणि येथील पेट्यांत ते बळ नाही. दुकानातील दुरुस्तीवाला केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा एक शिकाऊ पोरगा यांनी फेंडरच्या बासमन पेटीचा नकाशा समोर ठेवून १९६२ साली स्वतःची पेटी तयार केली. अमेरिकेचे सुटे भाग महाग, म्हणून इंग्लंडात मिळणारे भाग घातले. व्हॉल्व्ह बदलले, ट्रान्सफॉर्मर बदलले, स्पीकर इंग्लंडच्याच सेलेशन कंपनीचे, बारा इंची चार, मागून बंद पेटीत. स्वस्ताईसाठी केलेल्या या फेरबदलांतून जो आवाज निघाला, तोच पुढे जगभर हार्ड रॉकचा आवाज ठरला. मेसा बूगीचा रँडल स्मिथही मुळात कॅलिफोर्नियातील एका वाद्यांच्या दुकानात पेट्या दुरुस्त करणारा. दोन्ही ठिकाणी गिऱ्हाइकाची तक्रार ऐकणारा कान कामी आला.

मार्शलसारख्या पेटीत बास आधी कसा कमी करावा? यासाठी पायाने दाबावयाची लहान डबी मिळते. जपानच्या आयबानेझ कंपनीची ट्यूब स्क्रीमर ही त्यातील प्रसिद्ध. ती गिटार आणि पेटी यांच्या मध्ये जोडतात. तिच्यावर ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल ८ च्या पुढे आणि टोन मध्यावर ठेवावा. तिची रचनाच अशी आहे की सुमारे ७२० कंपनांच्या खालचे सूर ती कमी वाढविते. म्हणजे पेटीतील व्हॉल्व्हपर्यंत चाळून आलेला माल पोचतो. या डबीच्या नकला आपल्याकडे बऱ्याच स्वस्त मिळतात आणि त्याही चालतात. व्हॉल्व्ह बदलण्याच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

आता विजेकडे येऊ. हा भाग पुस्तकांत फारसा नसतो, कारण ती लिहिणाऱ्यांच्या गावी वीज स्थिर असते. आमच्या कळंबात उन्हाळ्याच्या संध्याकाळी, पंपांचा आणि कूलरचा भार वाढला की मीटरचा काटा २३० वरून १९० पर्यंत उतरलेला आम्ही पाहिला आहे. व्हॉल्व्हच्या पेटीत आतील सर्व दाब त्याच प्रमाणात उतरतात. ज्या पेटीत मोठ्या व्हॉल्व्हला ४५० व्होल्ट मिळावयाचे तेथे सुमारे ३७० मिळतात. व्हॉल्व्हची आतली तार तापविण्यासाठी ६.३ व्होल्ट हवे असतात, तेथे ५.२ येतात. आवाज मऊ आणि दबलेला होतो, ठोका बसतो आणि मग हळूच उठतो. गिऱ्हाईक म्हणतो की पेटी नागपुरात चांगली होती, येथे बिघडली. अशा वेळी पेटी उघडण्याआधी भिंतीचे सॉकेट तपासावे. रिलेचा स्टॅबिलायझर वाजविता वाजविता खटकन टप्पा बदलतो, म्हणून सर्व्हो प्रकारचा घ्यावा. बिछायतवाल्यांच्या जनरेटरवर उलट प्रकार होतो, दाब २५०-२६० पर्यंत चढतो आणि व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. तेव्हा जनरेटर सुरू झाल्यावर पेटी जोडण्याआधी मीटर लावलाच पाहिजे. अमेरिकेतून आणलेली १२० व्होल्टची पेटी असेल तर योग्य वॅटचा उतार-ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय तिला हातही लावू नये.

याच ठिकाणी अर्थिंगबद्दल कडक शब्दांत सांगणे भाग आहे. घरघर कमी व्हावी म्हणून प्लगची जाड पिन काढून टाकण्याची वाईट सवय मंडपवाल्यांत आहे. गिटारच्या तारा पेटीच्या धातूशी जोडलेल्या असतात आणि वाजविणाऱ्याचे ओठ माईकला लागतात. दोन्हींत दाबाचा फरक असला तर तो फरक माणसाच्या अंगातून वाहतो. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी मंचावर माईकला हात लागताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. घरघर घालविण्याचे इतर उपाय आहेत. गिटारची पेटी आणि माईकचा मिक्सर एकाच बोर्डावरून चालवावेत, वायर वेटोळे करून ठेवू नये. अर्थिंग तोडणे हा उपाय नव्हे.

वीज ठीक आहे, नॉब ठीक आहेत, तरी आवाज ढिला आहे, तर मग पेटी उघडावी. व्हॉल्व्हच्या आधी मोठे फिल्टर कंडेन्सर पाहावेत. ते पंधरा-वीस वर्षांत सुकतात आणि आमच्या भागातील ४५ अंशांच्या उन्हात लवकर सुकतात. सुकलेल्या कंडेन्सरमुळे घरघर वाढते, खालचा सूर सैल होतो आणि कधी खऱ्या सुरामागे एक भुताटकीचा सूर ऐकू येतो. त्यानंतर मोठ्या व्हॉल्व्हचा बायस. ईएल ३४ ची कमाल सोसण्याची शक्ती २५ वॅट आहे. न वाजविता तिच्या ६० ते ७० टक्के ठेवावी असा रिवाज आहे. म्हणजे ४५० व्होल्टवर प्रत्येक व्हॉल्व्हमागे साधारण ३३ ते ३९ मिलिअँपिअर. याहून कमी ठेवला तर आवाज कोरडा आणि खरखरीत होतो, जास्त ठेवला तर व्हॉल्व्हच्या आतील पत्रा लाल होतो आणि माल जळतो. लाल पत्रा दिसताच पेटी त्वरित बंद करावी.

ट्रान्झिस्टरच्या कामात वाढलेल्या तरुण कारागिरांसाठी इशारा असा की, येथे बारा-चोवीस व्होल्टचा खेळ नाही. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्ट राहू शकतात. मोठ्या वॅटच्या रेझिस्टरने ते रिकामे करावेत, मीटरने खात्री करावी आणि मगच हात घालावा. पेटी सुरू ठेवून मोजमाप करताना एक हात खिशात ठेवावा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हची पेटी कधीही वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. या पेटीत सर्वांत महाग वस्तू बहुधा तीच असते. स्पीकर ८ ओमचा असेल तर ८ वर, १६ ओमचा असेल तर १६ वर जोडावा.

मागून बंद असलेली स्पीकरची पेटी उघड्या पेटीपेक्षा ठोका कसून देते. परंतु ती कोपऱ्यात ठेवली तर भिंतीच बास वाढवितात. मंडपातील लाकडी तख्त तर स्वतःच ढोलासारखे घुमते. पेटीखाली जाड फोम घालावा किंवा ती भक्कम टेबलावर चढवावी, आणि तोंड वाजविणाऱ्याच्या कानाकडे थोडे तिरके करावे. पुष्कळ मुले पेटी पायाशी ठेवतात. आवाज गुडघ्यावर आदळतो, मग कानाला ट्रेबल कमी वाटतो म्हणून वाढवितात आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात.

एवढे करूनही काही भाग वाजविणाऱ्याच्या हातातच असतो. ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट हे मुंबईत आले असता कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या ठिकाणी स्थानिक मुलांची वाद्ये मागून घेऊन वाजवून गेले. त्यांच्यासोबत स्वतःचे सामान नव्हते. तरीही तो प्रसंग मुंबईचे जुने वादक आजवर सांगतात. तळहाताची कड तारेवर टेकवून ठोका जागच्या जागी थांबविणे, तार जुनी झाली की बदलणे, सूर नीट लावणे, हे नॉबने होत नाही. गिऱ्हाइकाची गिटार एकदा दुसऱ्याच्या हातून वाजवून पाहिली तर दोष पेटीत आहे की हातात, ते पाच मिनिटांत समजते. मात्र ते गिऱ्हाइकाला गोड शब्दांत सांगावे.

मोठा आवाज करण्याला आता कायद्याचीही हद्द आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही आणि वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकचे जलसे भरत. परंतु भोवती इस्पितळे आणि कॉलेजे असल्याने तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि ते मैदान या वादनाला बंद झाले. त्यामुळे १०० वॅटच्या पेटीला आता गिऱ्हाईक कमी आणि ५ ते २० वॅटच्या लहान पेटीला जास्त, असा आमचा अंदाज आहे. लहान पेटीत मोठे व्हॉल्व्ह लवकर फाटतात आणि खालचा सूर लवकर ढिला होतो, म्हणून तेथे बास आणखी एक आकडा खाली ठेवावा लागतो.

व्हॉल्व्ह खरोखरच गेला असेल तर माल कुठून आणावा? आज हा माल मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून येतो. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचा माल काही काळ अडकला आणि दर एकदम चढले. ईएल ३४ नेहमी जुळवून दिलेल्या जोडीत घ्यावेत, सुटे दोन उचलून घालू नयेत. आपल्या देशात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनविले, ते काम केव्हाच थांबले. परंतु तो माल जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या पत्र्याच्या डब्यांत अजून पडलेला आहे. परदेशातील शौकीन त्याची विचारणा करतात. त्यात ईसीसी ८३ निघाला तर तो गिटारच्या पेटीत जसाच्या तसा बसतो. आपल्या वडिलांचा असा डबा घरात असेल, तर तो किलोच्या भावाने भंगारवाल्याला देण्याआधी एकेक नंबर वाचून, टेस्टरवर लावून पाहावा.